धाकटीचा आकडा

रक्त काढण्यात थोरलीचा हात धरणारं त्या दवाखान्यात कोणी नव्हतं. बावीस वर्षं ती लोकांच्या शिरा शोधत आली होती. लहान पोर भोकाड पसरायच्या आत तिची नळी भरलेली असायची. धाकट्या जावेला इथे तिनेच चिकटवलं, तिनेच शिकवलं. आणि आता तीच धाकटी तिच्या डोळ्यांत खुपत होती.

निमित्त एका आकड्याचं. डायलिसिस विभागात हेपॅटायटिस बी झालेल्या रुग्णांसाठी वेगळी खोली उघडणार होती. तिथली प्रमुख व्हायला नुसती लस घेऊन भागत नव्हतं. लशीने अंगात प्रतिकारशक्ती आली की नाही, ते रक्त तपासून बघत. आकडा दहाच्या वर हवा. धाकटीचा आला सहाशे चाळीस. थोरलीचा चार. थोरलीने तिन्ही डोस पुन्हा घेतले, महिने मोजले, पुन्हा तपासलं. तीन!

"सहाशे चाळीस घेऊन करायचंय काय तिला?" कपड्यांच्या घड्या घालताना ती नवऱ्यावर करवादली. "मला दहा पुरले असते."

"अगं, प्रतिकारशक्ती काय साखर आहे, उसनी मागायला?"

दोन दिवस तिने त्याच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी विभागाच्या मॅडमसमोर, सगळ्यांदेखत बोलून मोकळी झाली, "नळ्या बदलल्या असणार. माझं रक्त हिनेच काढलं होतं."

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. थोरलीला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

मॅडम वैतागल्या. "दोघी एकमेकींचं पुन्हा काढा. माझ्यासमोर."

धाकटीने थोरलीचं रक्त असं काढलं, की सुई गेलेली कळलीसुद्धा नाही. त्याचाही थोरलीला राग आला. मग तिने धाकटीच्या दंडाला पट्टा बांधला, जरा जास्तच आवळून. नळी भरली. आणि रागाच्या भरात तिने नेमकं तेच केलं, ज्यासाठी नव्या पोरींना ती रडेपर्यंत झापायची: वापरलेल्या सुईला परत टोपण लावायला गेली. सुई कचकन तिच्याच अंगठ्यात घुसली.

धाकटीने तिला ओढतच नळाखाली नेलं. "ताई, आधी धुवा!"

थोरलीने अंगठा धारेखाली धरला. "माझ्या अंगात काहीच नाही गं, तीनच आहेत."

"माझ्या अंगात आहेत ना! माझ्याच रक्ताची सुई आहे, ताई. सहाशे चाळीसवाली. त्यात हेपॅटायटिस बी असणारच नाही. घाबरू नका."

तो आकडा ऐकून थोरलीला पहिल्यांदाच हायसं वाटलं. पाठोपाठ घाम फुटला. हीच चूक त्या खोलीत झाली असती तर?

तिने नळ बंद केला. जळफळाट अजून होताच, तो असा धुतल्याने थोडाच जातो? पण ती मॅडमकडे वळली.

"खोली हिलाच द्या. आणि त्या नळ्या तपासायला पाठवू नका. आधीही बदलल्या नव्हत्या. मला माहीत होतं."