रक्त कोणी काढलं?

रक्ताचा थेंब पसरलेली काच हातात आली की आमचे तपासनीस आधी काचेकडे नाही, ती आणणाऱ्याकडे बघायचे. चष्म्यावरून. मग विचारायचे, "रक्त कोणी काढलं?" असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल, ज्याच्यापुढे खरं बोलणाऱ्यालाही चोरट्यासारखं वाटावं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. नाशिकच्या जनावरांच्या दवाखान्यात ते रक्त तपासायचे, शेजारच्या टेबलावर मी कारकुनी करायचो. माझी हजेरीपटावरची सहीसुद्धा ते निरखून बघायचे, तेव्हा मला रागच यायचा. एकदा खिडकीतला पारवा धरून त्यांनी पंखाखालून रक्ताचा थेंब घेतला. सूक्ष्मदर्शकात परजीवी दिसले. "आजारी आहेस आणि मजेत उडतोस? लबाड!" म्हणाले आणि सोडून दिला.

एक दिवस चांदवडकडची एक बाई पाटीत दोन कोंबड्या घेऊन आली, एक धडधाकट, एक मलूल. खुराड्यातल्या कोंबड्या पटापट मरत होत्या. माणसांचं रक्त तपासणाऱ्या कुणा ओळखीच्यानं सांगितलं होतं, पेशीपेशीत किडा आहे, सगळ्या मारून पुरा. दिरानं खड्डाही खणला होता.

"अंड्यांवरच पोट हाय आमचं," ती म्हणाली.

त्यांनी दोन्ही कोंबड्यांचं रक्त पाहिलं. "पेशीतला हा ठिपका म्हणजे किडा नाही. पक्ष्याच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतंच, माणसाच्या नसतं. कोंबडीला माणूस धरून तपासलंय त्यानं."

काम झालं म्हणून मी वही मिटली. ते मात्र उठेनात. "मग मरतात कशानं?" संध्याकाळपर्यंत बघत बसले, तेव्हा मलूल कोंबडीच्या रक्तात मळसूत्रासारखे बारीक जंतू सापडले.

"खुराडं दाखवा."

"माझ्या खुराड्यात काय बघायचंय तुम्हाला?" बाई बिथरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं गेलो. त्यांनी चाकूनं फळीची फट उकरली, तर आत रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडी. दिवसा लपायच्या, रात्री चावायच्या आणि तेच जंतू कोंबड्यांच्या रक्तात सोडायच्या. जुनं खुराडं जाळलं, कोंबड्यांना इंजेक्शनं दिली. काही गेल्या, बऱ्याच वाचल्या.

पुढे काही वर्षांनी ते वारले. मला त्यांची इतकी उणीव भासेल असं वाटलं नव्हतं. महिन्याभरात ती बाई पुन्हा आली, कोंबडी पदराखाली धरून. त्यांच्या जागी आलेल्या नव्या तपासनिसानं हात पुढे केला. तिनं कोंबडी दिली नाही.

"ते कुठंयत? त्यांनाच दावायचीय."

मी सांगितलं. ती बाकावर बसली, बराच वेळ कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"लय संशयी मानूस व्हता," ती म्हणाली. "आता कोन येवढं बघंल?"

आणि कोंबडी न तपासताच परत घेऊन गेली.