खोट्या लग्नाचा मंडप

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. अकोल्याहून अमरावतीकडे निघालात की वाटेत लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तुम्ही ते फोनमध्ये टाकाल, फोन तुम्हाला आमच्या गल्लीतून नेईल, आणि आणखी एक गाडी वाढेल. आहेत त्याच भरपूर झाल्या.

मोठ्या चौकात उड्डाणपुलाचं काम सुरू झालं तेव्हापासूनची ही कटकट. खांब उभे राहिले, सळया उघड्यावर गंजल्या, आणि कंत्राटदाराची माणसं दिवाळीला म्हणून गेली ती परत आलीच नाहीत. चौकात गाड्या तुंबायला लागल्या. मग कुठल्याशा कंपनीच्या नकाशाला शोध लागला की पेट्रोल पंपाच्या बाजूनं आत शिरलं, पिठाच्या चक्कीवरून वळलं आणि बुद्धविहारापाशी बाहेर पडलं की माणूस चौक टाळून थेट पुढच्या रस्त्याला लागतो. आम्हाला हे लहानपणापासून माहीत होतं. पण आम्ही ते साऱ्या महाराष्ट्राला सांगत सुटलो नव्हतो.

दोन्ही बाजूंना घरं, दारासमोर नाली, नालीवर फरशी आणि मधे जो काही उरला तो रस्ता, अशी ही गल्ली आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी बाया दारापुढे पाणी शिंपायच्या, जमीन जरा निवली की बाजा, म्हणजे खाटा, बाहेर यायच्या. मे महिन्यात आमच्याकडे कूलरसुद्धा गरम हवा फेकतो, त्यामुळे माणसं जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेरच असायची. आता बाज टाकायची सोय राहिली नाही. टाकली तर गाडीवाला हॉर्न वाजवतो आणि आपल्याकडे असं बघतो, जणू आपणच त्याच्या घरात शिरलोय.

त्या माणसांचं मी नीट निरीक्षण केलं आहे. ती समोर बघतच नाहीत. काचेला चिकटवलेल्या फोनवर निळी रेघ असते, तिच्यावर बाण असतो, आणि हे त्या बाणाला गल्लीतून सुखरूप बाहेर काढण्यात गुंग असतात. पोरं व्हिडिओ गेम खेळतात म्हणून त्यांना शिव्या देणारे हेच लोक. गेममध्ये निदान मेलेला माणूस पुन्हा उठून उभा राहतो. आमच्या गल्लीत कोंबड्या मेल्या, त्यातली एकही उठली नाही.

घरात या विषयावर एकमत नव्हतं. मी रेल्वेतून निवृत्त झालो. सारी नोकरी बडनेऱ्याला, रोज पॅसेंजरनं जाऊन येऊन. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, अकोल्याकडच्या एका खेड्यात मास्तर होता, भूमिती शिकवायचा. वहिनी गेल्यापासून तो माझ्याकडेच राहतो. निवृत्त झाला आणि काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे नेले. अमरावतीच्या डॉक्टरांनी फाईल मिटून माझ्या हातात दिली, तेव्हा दादाच मला म्हणाला, "चाल, उसाचा रस पिऊ."

हा आंधळा माणूस आमच्या घरातला तंत्रज्ञानाचा भक्त. त्याचा फोन बोलतो. सकाळी त्याला पेपर वाचून दाखवतो, कोणाचा फोन आला ते सांगतो. फोनवर तो क्रिकेट खेळतो, नुसत्या आवाजावर. कानात गोलंदाजाची पावलं ऐकू येतात, नेमक्या वेळी बोट टेकवायचं. सिक्सर बसला की एवढा मोठा माणूस खुर्चीत उडतो. मी म्हणायचो, "दादा, वय काय आपलं?" तो म्हणायचा, "तू रेल्वेतला. तुले इंजिनापर्यंतच कळते."

माझं मत वेगळं होतं आणि अजून तेच आहे. सॉफ्टवेअर नावाची वस्तू टेबलामागचा माणूस पळवून लावण्यासाठी काढली आहे. पूर्वी सरकारी कचेरीत गेलं की निदान हात आपटायला टेबल होतं. आता सगळीकडे ॲप, आणि ॲपवर हात आपटला तर आपलाच फोन फुटतो. हे मी दादाला ऐकवलं तर तो हसायचा नाही. एकदा तो शांतपणे म्हणाला, "टेबलामागचा मानूस मी पाह्यला आहे. आडनाव ऐकलं की त्याचं तोंड कसं होये, ते बी पाह्यलं. ॲप तोंड वाकडं करत नाई." यावर मी जास्तच चिडलो.

आता मुख्य गोष्ट. दादाची एक चीज होती जी त्याच्यापासून काचबिंदूलाही नेता आली नव्हती. संध्याकाळी तो घरातून निघून एकटा विहारापर्यंत जायचा. हात धरायला कोणी नाही. काठी नालीच्या कडेनं टेकत जायचा. चक्कीचा आवाज आला की वळायचं, निंबाखाली गार लागलं की टेलर मास्टरचं दुकान आलं. टेलर मास्टर दादाचा शाळेपासूनचा दोस्त. तो मशीन थांबवून हाक मारायचा, "आओ मास्तर," मग दोघं विहाराच्या पायरीवर जाऊन बसायचे, सरकारला शिव्या घालायचे आणि अंधार पडायला दादा परत यायचा. दिवसभर त्याचं सगळं आम्ही करत होतो, पाण्याच्या तांब्यापासून औषधाच्या गोळीपर्यंत. तेवढी संध्याकाळ त्याची स्वतःची होती.

एका पांढऱ्या गाडीनं ती नेली. गाडीचा आरसा त्याच्या कोपराला लागला, काठी हातातून सुटली आणि चाकाखाली गेली. गाडी थांबली नाही. दादा नालीच्या फरशीवर बसलेला आम्हाला सापडला, काठीचा तुकडा मांडीवर घेऊन. लागलं फार नव्हतं. पण माझ्या बायकोनं त्या दिवसापासून त्याला एकटं बाहेर पडू दिलं नाही आणि मीही तिचीच बाजू घेतली. दादानं क्रिकेट खेळणं सोडून दिलं, हे माझ्या दोन दिवसांनी लक्षात आलं.

मग माझं डोकं फिरलं. तक्रारीच्या सरकारी ॲपवर गेलो. तिथे कचरा होता, पथदिवा होता, मेलेलं जनावर होतं. जिवंत माणसाच्या अंगावर गाड्या येतात यासाठी रकाना नव्हता. शेवटी 'रस्त्यातील अडथळा' यावर बोट ठेवलं, फोटो जोडला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तक्रारीचे निराकरण झाले आहे, कृपया अभिप्राय नोंदवा. खिडकीतून बाहेर पाहिलं तर निराकरण हॉर्न वाजवत चाललं होतं. मी पुन्हा तक्रार केली. तिचंही निराकरण झालं. कचेरीत गेलो, तर साहेब चांगल्या शब्दांत म्हणाले, "काका, रस्ता आमचा आहे. नकाशा आमचा नाही." गतिरोधक मागितला तर म्हणाले सर्वेक्षण करावं लागेल. नकाशाच्या कंपनीला तर दारच नाही. एक खिडकी उघडते, तिच्यात लिहायचं, मग निरोप येतो की तुमच्या सूचनेची खातरजमा करता आली नाही. अरे, या की मग खातरजमा करायला. गाडी घेऊन येऊ नका म्हणजे झालं.

माझी मुलगी पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. फोनवर मी तिच्यावरच ओरडलो, कारण या जमातीतलं माझ्या ओळखीचं तेवढंच माणूस. तिनं ऐकून घेतलं आणि समजावलं. त्या नकाशाला गल्ली, घरं, माणसं काही दिसत नाही. गाड्या कुठे अडल्या आणि कुठे भराभर चालल्या, एवढंच त्याला कळतं. रस्ता अडला की तो दुसरीकडून पाठवतो.

रस्ता अडवणं आम्हाला काय शिकवायचं? आमच्या भागात लग्न असो, बारसं असो की तेरवी, मंडप रस्त्यातच पडतो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कोणी परवानगी विचारत नाही. मंत्र्याची गाडीसुद्धा मंडप पाहून मागं फिरते. टेलर मास्टरच्या दुकानासमोर आम्ही मंडप घातला. लाल-पिवळं कापड, बांबू, झालर, वर थर्माकोलची 'शुभविवाह' अशी अक्षरं. नवरा नाही, नवरी नाही. कोणी विचारलं की टेलर मास्टर सांगायचा, "होगी किसी की तो." दोन दिवस गाड्या येत राहिल्या, मंडपापाशी अडत राहिल्या, एकमेकांवर खेकसत उलट्या निघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी गल्लीत सायकलीची घंटी ऐकू आली. बाजा बाहेर पडल्या. मला वाटलं, मी एकट्यानं सरकार आणि ती कंपनी, दोघांना लोळवलं.

त्या संध्याकाळी दादाला नवी काठी दिली आणि म्हणालो, जा. तो गेला. मंडपाखालून जाताना पोरींनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी म्हणालं, "नवरदेव निघाले!" सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. मास्तर, वरात कुठं? मास्तर, बँड सांगू काय? सगळं प्रेमानंच चाललं होतं. दादा विहारापर्यंत जाऊन लगेच परत यायला लागला. तेव्हा मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

आठवडा भरायच्या आत सरकारी ट्रॅक्टर आला. चार माणसं उतरली, बांबू उपटले, कापड गोळा केलं. मी आडवा गेलो. मुकादम म्हणाला, "ॲपवर तक्रार आहे काका. आजच निकालात काढा असा आदेश आहे." माझ्या तक्रारींना जे सरकार अभिप्राय विचारत होतं, त्याला मंडपाच्या तक्रारीवर ट्रॅक्टर सापडला होता. मी रस्त्यात उभा राहून जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. संध्याकाळपर्यंत गाड्या परत सुरू झाल्या, आणि मी घरात येरझाऱ्या घालत गल्लीतल्या एकेका घरावर संशय घेत होतो.

"कोन असन हा हरामखोर?" मी म्हणालो.

"मी," दादा म्हणाला. तो खुर्चीत ताठ बसला होता, फोन मांडीवर.

बायकोनं हातातलं ताट तसंच खाली ठेवलं.

"तू? अबे, तुह्यासाठी केलं सारं."

"थेच तं." त्याचा आवाज चढला. मास्तर असतानाही मी तो एवढा चढलेला ऐकला नव्हता. "माह्यासाठी खोटं लगन लावलं तुमी. माह्यासाठी साऱ्या गल्लीचा रस्ता बंद. मी जाऊन राहिलो तं लोक टाळ्या वाजवून राहिले. मी काय तमाशा हाव? रस्त्यानं चालाले मले मंडप लागते काय?"

"मंग काय करू? मरू देऊ तुले गाडीखाली?"

"तू काई करू नको. मले उपकार नाई पायजे. मले रस्ता पायजे. सरकारचा आहे, माहा बी आहे."

मी म्हणालो की तुझ्या लाडक्या ॲपनं माझं एकदाही ऐकलं नाही आणि तुझं लगेच ऐकलं. तो म्हणाला, "तोडा-मोडाचं काम सांगितलं की सरकार लवकर ऐकते." मग त्यानं मान फिरवली. मला त्याचा इतका राग आला की मी जेवलो नाही. त्याला मंडप नको होता हे मला कळत होतं, पण दुसरा उपाय माझ्याकडे नव्हता. उपाय नसण्याचाच मला जास्त संताप होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादानं चप्पल घातली. बायको दारात आडवी आली. "वाटंतून सरक, बाई," तो म्हणाला, आणि ती सरकली. मी मागून निघालो, थोडं अंतर ठेवून.

तो नालीच्या कडेला गेलाच नाही. काठीनं चाचपडत गल्लीच्या बरोबर मधोमध आला आणि तिथून चालायला लागला. त्याच्या नेहमीच्या चालीनं, ना हळू, ना घाईनं. मागून गाडी आली, हॉर्न वाजला. तो चालत राहिला. त्या गाडीमागं दुसरी लागली, तिसरी लागली. चक्कीपाशी तो वळला तेव्हा मागची रांग पेट्रोल पंपापर्यंत गेली होती आणि सगळे मिळून हॉर्न वाजवत होते. लोक ओट्यावर आले. या वेळी कोणी टाळी वाजवली नाही. निंबाखाली टेलर मास्टरचं मशीन थांबलं, पण त्यानंही हाक मारली नाही.

पहिल्या गाडीची काच खाली झाली. आतून थंडगार हवा आली आणि एका बाईचा आवाज आला, पुढे डावीकडे वळा. ड्रायव्हरनं फोनवरची नजर हटवली आणि डोकं बाहेर काढलं.

"ओ काका, दिसत नाही का?"

मी पुढे झेपावलो. तेवढ्यात दादा थांबला. वळला. आवाजाच्या दिशेनं तोंड केलं आणि काठी पुढे धरली, ड्रायव्हरला दिसावी म्हणून.

"नाई दिसत बापा," तो म्हणाला. "तुले दिसते ना?"

तो माणूस काठीकडे बघत राहिला. फोनमधली बाई पुन्हा म्हणाली, पुढे डावीकडे वळा. दादा परत फिरला आणि मधोमध चालायला लागला. ती गाडी हॉर्न न वाजवता विहार येईपर्यंत त्याच्या मागं मागं आली.