खदानीचं पाणी आणि अनुसयामावशींची विहीर

भूजलावर काम करणाऱ्यांची एक गंमत आहे. प्रयोगशाळेत आलेल्या पाण्याच्या बाटल्या दोन-तीन महिन्यांनी ओतून द्याव्या लागतात, नाहीतर कपाटं पुरत नाहीत. किस्से मात्र ओतून देता येत नाहीत. ते साचत जातात आणि चहाच्या वेळी एकाने सुरुवात केली की भडाभडा बाहेर पडतात! माझ्याकडचे बहुतेक एकाच गावातले आहेत. सांगायला लागते हसत, पण शेवटपर्यंत हसू टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गाव सेलू आणि मानवतच्या मधलं. नाव सांगत नाही, त्याची आधीच पुरेशी बदनामी झालीय. गावाच्या वरच्या अंगाला दगडाची जुनी खदान आहे. तिच्या शेजारी धातूला मुलामा द्यायचा एक कारखाना होता. चालू होता तोवर त्याने आपलं विषारी पाणी खदानीत सोडलं, आणि एक दिवस मालक कुलूप लावून निघून गेला. त्या पाण्यातलं क्रोमियम जमिनीखालून गावाच्या विहिरींकडे सरकत होतं. ते किती वेगाने सरकतंय आणि कोणत्या विहिरीचं पाणी अजून पिण्यासारखं उरलंय, हे शोधायचं काम आमच्याकडे आलं. आम्ही म्हणजे आमचे सर, जीप चालवणारे गफूरभाई आणि पाणी तपासणारी मी.

* * *

सुरुवातीला आम्ही निरीक्षणासाठी काही बोअर घेतले. त्यातल्या एकाला पाणी असं लागलं की मशीनवाला नखशिखांत भिजला! ऐन एप्रिल महिना. अख्खं गाव धावत आलं. दत्तराव नावाचे गावचे माजी सरपंच, ते तर नारळच घेऊन आले.

सरांनी खूश होऊन पाण्याची पातळी मोजली, वहीत लिहिली, पाइपवर लोखंडी टोपण बसवलं आणि त्याला कुलूप घातलं.

"मोटार कवा बसवायची, सायेब?" दत्तरावांनी विचारलं.

"मोटार नाही बसवायची. हा बोअर नुसता बघायला आहे."

"बघायला?"

"हो. पाणी किती खराब होतंय ते दर महिन्याला बघायचं."

दत्तराव नारळ काखेत मारून मागे फिरले. जाता जाता बायकोला म्हणाले, "आमी घोटभर पाण्यासाठी मरायलोत, अन् हे पाण्याला कुलूप घालायलेत!"

त्या दिवसापासून गावात आमचं नाव पडलं 'कुलूपवाले'. पुढे आमच्या जीपलाही लोक तेच म्हणायला लागले.

* * *

सरांनी जमिनीखालच्या पाण्याचं कॉम्प्युटरवर एक मॉडेल केलं होतं. त्याच्या हिशेबाने खदानीतलं पाणी महादेवाच्या देवळापर्यंत यायला आठ महिने लागणार होते. खात्री करून घ्यायला आम्ही खदानीजवळच्या बोअरमध्ये हिरवा रंग सोडला. रंग निरुपद्रवी असतो. तो कुठे, कधी निघतो यावरून पाण्याची वाट कळते.

नवव्या दिवशी देवळातल्या गुरवांचा फोन. "म्याडम, लवकर या. देवाच्या आंघोळीचं पाणी हिरवंगार यायलंय!"

आपला काळा खडक वरून अखंड दिसतो, पण आत भेगाच भेगा असतात. एखादी भेग सरळ देवळाच्या बोअरला भिडलेली होती, आणि ती मॉडेलला ठाऊक नव्हती. आम्ही पोचलो तर देवळापुढे ही गर्दी! जिंतूरकडून जीप भरभरून माणसं आलेली. जो तो बाटलीत तीर्थ भरून घेत होता.

सर पारावर चढून ओरडले, "अहो, पिऊ नका! तो आमचा रंग आहे! ज्या वाटेनं हा रंग आला, त्याच वाटेनं विष येतंय!"

एका आजोबांनी शांतपणे हात जोडले. "इष पेला म्हनूनच तर तो म्हादेव हाय, सायेब!"

सर खाली उतरले. आठ महिने हातात आहेत असं धरून आम्ही सगळी कामं आखली होती, आणि ते विष कधीच गावात येऊन बसलं होतं.

* * *

आम्ही गावात जाताना प्यायचं पाणी परभणीहून नेत होतो. पण दारात आलेल्या माणसाला तांब्या पुढे करायचा, ही तिथली रीत. मग आमचं रोजचं नाटक. "आत्ताच प्यायलो", "उपास आहे", "घसा बसलाय". उपासाला पाणी चालतं हे माझ्या लक्षात यायला दोन खेपा लागल्या!

खालच्या वस्तीत काशिनाथकाका राहायचे. त्यांच्या पायांवर न भरणाऱ्या जखमा होत्या. त्यांच्या घरी तिसऱ्यांदा गेलो तेव्हाही मी तांब्याला हात लावला नाही. काकांनी तो खाली ठेवला.

"म्याडम, एक इचारू? पानी खराब हाय म्हनून पीत न्हाईत, का आमच्या हातचं हाय म्हनून?"

दारात उभे असलेले गफूरभाई पुढे झाले, तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला.

जीपमध्ये बसल्यावर मी त्यांच्यावर भडकले. "त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही का?"

"मालूम हाय की," गफूरभाई गाडी चालू करत म्हणाले. "पर चाचांनी सवाल पाण्याचा केलाच न्हवता."

काकांना रिपोर्ट दाखवून, समजावून सांगायला मी दुसऱ्याच दिवशी परत गेले. त्यांनी ऐकून घेतलं. मला मात्र त्या दिवसाची अजून लाज वाटते. माझं उत्तर शास्त्राच्या दृष्टीने बरोबर होतं, आणि तेच मला वेळेवर देता आलं नाही.

* * *

खराब पाणी स्वच्छ करायची आमची पद्धत साधी होती. ते पंपाने उपसायचं, टाकीत नेऊन औषधाने त्यातलं क्रोमियम खाली बसवायचं आणि निवळलेलं पाणी परत जमिनीत सोडायचं. पंप रात्रंदिवस चालू, तरी टाकीत पाणी निम्मंच येत होतं. सरांनी पंप बदलला. मग केबल बदलली. पाणी तेवढंच!

अशात एक दिवस दत्तरावांनी जेवायला बोलावलं. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि भरली वांगी. वांगी इतकी कोवळी की सरांनी दोनदा मागून घेतली. हो, पाणी आम्ही आमचंच प्यायलो. तेवढी अक्कल होती.

"दत्तराव, भर उन्हाळ्यात अशी वांगी कशी काय?"

"तुमचीच किरपा की, सायेब! तुमचा पाइप माज्याच बांधावरून जायलाय. पानी उपसायचं, धुवायचं, अन् परत जमिनीतच सोडायचं, एवढा कुटाना कशाला? मी निम्मं मधीच वळवून घेतलं!"

सरांच्या हातातला घास हातातच राहिला.

"सेलूच्या बाजारात लय उठाव हाय ह्या वांग्याला," दत्तरावांनी माहिती दिली.

दुसऱ्या दिवशी पाइपवर पहारा बसला. दत्तरावांनी वांग्यांचा वाफा मोडला, पण महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, जेवून उठल्यावर अन्नाला नाव ठेवणारी माणसं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

* * *

विहीर तपासून झाली की तिच्या कठड्याला आम्ही रंग द्यायचो. लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. एकेक करून गावातल्या विहिरी लाल होत चालल्या होत्या. विठ्ठलरावांची विहीर तर मी स्वतः लाल करून घेतली होती. पुढच्या खेपेला बघते तर ती हिरवी! रंग अजून ओला.

"विठ्ठलराव, हे कोणी केलं?"

"मीच केलं, म्याडम," माणूस जराही न बिचकता म्हणाला. "उद्या पोरीकडचे घर बघायला यायलेत. लाल हिरीच्या घरात कोन पोरगी देतंय? पावणे गेले की पुन्हा लाल करतो. डबा आनून ठिवलाय!"

त्याने खरंच लाल डबा दाखवला. सोयरीक जुळली, रंगही परत लाल झाला. पाहुण्यांना पाणी कुठलं पाजलं, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

* * *

शेवटी अख्ख्या गावात एकच विहीर हिरवी उरली, अनुसयामावशींची. मावशी साठीच्या पुढच्या, एकट्याच राहणाऱ्या. अंगण असं सारवलेलं की चप्पल घालून आत जायला संकोच वाटावा. पहिल्यांदा मी स्वतः त्यांच्या विहिरीचं पाणी तपासलं होतं आणि ते चांगलं निघालं होतं. नंतर दर महिन्याला जाणं जमेना, म्हणून आम्ही त्यांच्याकडे रिकाम्या बाटल्या ठेवल्या. त्यांनी बाटली भरून परभणीच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची, स्टँडवरून गफूरभाई आणणार, मी तपासणार, आणि रिपोर्ट ग्रामपंचायतीत जाणार. 'पिण्यास योग्य.' खाली माझी सही.

बाटलीची एकही खेप मावशींनी चुकवली नाही. आणि दर खेपेला पाणी उत्तम! आजूबाजूच्या तिन्ही विहिरी लाल झाल्या, तरी ही मधली ठणठणीत. गाव तिथे पाण्याला जायला लागलं. अंगणवाडीचं पाणीही तिथूनच.

सरांनी यावर सिद्धांत मांडला. म्हणे, त्या विहिरीच्या अलीकडे जमिनीत अखंड खडकाची भिंत असणार आणि तिने विष अडवलं असणार. एका परिषदेत त्यांनी नकाशासकट हे सांगितलं. कोणीतरी उठून विचारलं, "ती भिंत कोणी पाहिलीय का?"

"जमिनीखालचं डोळ्यांनी दिसलं असतं, तर आपल्याला इथे कोणी बोलावलं असतं का?" सर म्हणाले. टाळ्या!

मीही वाजवल्या. पण खरं सांगायचं तर संशय यायला हवा होता तो मला. त्या बाटल्यांत क्षार फारच कमी येत होते, आपल्या भागातल्या विहिरीत असतात त्याच्या पावपटसुद्धा नाहीत. मी सरांना एकदा बोलले. ते म्हणाले, वरून नवं पाणी मुरत असेल. मी मान डोलावली. सगळ्या गावात एक तरी चांगली बातमी हवी होती, आणि ती माझ्या सहीने जात होती.

सरांच्या पेपरसाठी त्या विहिरीवर समक्ष घेतलेलं आणखी एक रीडिंग हवं होतं. म्हणून मे महिन्यात मी आणि गफूरभाई सकाळीच मावशींकडे गेलो. विहिरीवर बायकांची रांग, कडेवर लेकरं, घागरी एकीमागे एक. मावशी कठड्याशी उभ्या राहून एकेकीला पुढे सोडत होत्या. मला बघून त्यांना केवढा आनंद! आमच्या गडबडीने रांग थांबली.

मी पोहऱ्यातल्या पाण्यात क्षार मोजायचं मीटर बुडवलं. आकडा वर गेला, आणखी वर गेला. मीटर पुसून पुन्हा बुडवलं. तोच आकडा. मग परीक्षानळीत ते पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी चांगलं असेल तर रंग बदलत नाही. नळी जांभळी झाली.

आवाज शक्य तेवढा साधा ठेवून मी विचारलं, "मावशी, दर महिन्याची बाटली तुम्ही ह्याच विहिरीची भरत होतात ना?"

मावशींनी तोंडाला पदर लावला, मी काही भलतंच विचारल्यासारखा. "छ्या, अवो म्याडम! परभनीला मोठ्या सायबाकडं जायाची बाटली, तिच्यात हे मचूळ पानी भरून पाठवू व्हय? तसली न्हाई मी. मानवतवरून फिल्टरचा जार मागवते. बाटली राखेनं घासते, दोनदा इसळते, मंग जारचं भरते. येकदा तरी नापास झालं का सांगा!"

"आणि तुम्ही सगळे?"

"आमी हिरीचंच की. आमाला कशाला जार?"

रांगेतल्या पहिल्या बाईने पोहरा पुन्हा आत सोडला. "थांबा," मी ओरडले, "भरू नका!"

मावशींनी माझा हात धरून मला समजावलं. "अवो, घाबरू नका म्याडम, समदं शिस्तीत हाय. तुमच्या सहीचा कागद आल्याबिगर मी एकीला बी घागर भरू देत न्हाई!"