सरांच्या घरी देव घेतात म्हणे!

आमच्या घरात एका रविवारी सात गणपती, तीन खंडोबा आणि चेहरा पुसून गेलेला एक देव मुक्कामाला आले. यातला एकही आमचा नव्हता.

त्या रविवारी आमच्या कॉलनीनं गोदावरीच्या घाटावर स्वच्छता मोहीम काढली. मी निवृत्त मास्तर. समोर चार माणसं उभी दिसली की भाषण येतंच! "आज पाण्यातून जे बाहेर निघेल, ते पुन्हा पाण्यात जाणार नाही. जबाबदारी माझी!" टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या जोरावर मी गुडघाभर पाण्यात उतरलो.

बाकीच्यांना चिंध्या आणि पिशव्या मिळाल्या. मला मिळाले देव! शेवाळलेले फोटो, सोंड तुटलेले गणपती, काच फुटलेले खंडोबा. जुने झालेले देव लोकांनी नमस्कार करून नदीत सोडलेले. पायरीवर ही रांग लागली. घंटागाडीवाला ती बघून दोन पावलं मागं सरकला.

"सर, देव कचऱ्यात न्हाई घेणार. लेकरंबाळं हायत मला."

शेजारचे देशमुख कानाशी आले. "सर, गपचूप परत सोडून द्या ना. कोण बघून राहिलंय?"

"मी शब्द दिलाय!" मी गरजलो. (गरजायची काही गरज नव्हती. पण संताप आला होता. सोडणारे मोकळे, काढणारा अडकला!)

शेवटी देव पोत्यात भरून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं पोत्यात डोकावून आधी चप्पल काढली, मग किक मारली.

दारात सुनंदा, म्हणजे आमची बायको, उभी होती. "अहो, कचरा काढायला गेलता ना? लोकांचे देव कशाला आणले?"

मुखेडहून सासूबाई आलेल्या होत्या. त्यांनी लेकीला बाजूला सारलं. "देव दारात आल्यावर पंचाईत करतेस व्हय? जावईबापू, या आत."

"पण आई, तुटलेल्या मूर्तीची पूजा चालत न्हाई!"

"पूजा न्हाई चालत. म्हणून काय उपाशी ठेवावं?"

झालं! दोन्ही वेळा नैवेद्य सुरू झाला. देव दिवाणखान्यात, सोफा गच्चीवर आणि मी पहाटे थंड पाण्यानं आंघोळ करून ताटं मांडतोय. मी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, "ज्यांचे असतील त्यांनी ओळख पटवून घेऊन जावेत." सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. आलं कोणीच नाही.

उलट दुसऱ्या दिवशी फाटकाला एक पिशवी लटकलेली! आत दत्त. तिसऱ्या दिवशी स्कूटीवरून एक बाई आल्या आणि फ्रेम माझ्या हातात देऊन माझ्याच पाया पडल्या. "सरांच्या घरी देव घेतात म्हणे. नदी लई लांब पडते आम्हाला."

सुनंदानं निर्वाणीचं सांगितलं, "आज हे देव नदीत गेले न्हाईत तर मी मुखेडला चालले!"

"जा की," सासूबाई म्हणाल्या, "मी हाय इथं."

खरं सांगतो, त्या संध्याकाळी माझा धीर सुटला. पोतं भरलं. फाटकापर्यंत गेलो. समोर देशमुख उभे, मिशीत हसत. "काय सर, निघाले का घाटावर?"

"कोण म्हणतं?" मी ताडकन म्हणालो. "देवांना जरा हवा दाखवतोय!" आणि सगळं पोतं फिरवून पुन्हा आत आणलं. जगबुडी आली तरी चालेल, पण त्या मिशीपुढं हार नाही!

आत सासूबाई फोनवर मुखेडच्या भावकीशी बोलत होत्या. "हाव, सगळ्यांचेच जुने देव गोळा करा अन् एसटीत घालून द्या. नदीत कशाला सोडता? आमचा जावई घेतो!"

दोन दिवसांनी मी ताठ मानेनं एसटी स्टँडवर गेलो. शब्द म्हणजे शब्द! कंडक्टरनं टपावरून एकामागून एक तीन पोती उतरवली, आणि मी मुकाट्यानं चप्पल काढून पाठ पुढं केली.