कोरा पडदा

आमचे सासरे चाळीस वर्षं शिंपी होते आणि चाळीस वर्षांत त्यांचं माप एकदाही चुकलं नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच दिवसातून दोनदा सांगतात. तयार कपड्यांपुढे दुकान चालेना, तेव्हा त्यांनी ते बंद केलं. मग कुणी "काय करता?" विचारलं की म्हणायचे, "काही नाही." घरात मात्र माझ्या प्रत्येक कपड्याच्या शिवणीला नावं ठेवायचे. शेवटी वैतागून मी त्यांना माझ्या प्रयोगशाळेत नेलं.

आम्ही इंधनघट बनवतो. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन आणि मधे एक पातळ पडदा. वीज मिळते आणि मागे उरतं नुसतं पाणी. पडदा अल्कलीच्या पाण्यात मुरवून बसवावा लागतो. तो नेमका कापण्याइतका स्थिर हात आमच्यात कुणाचाच नव्हता. बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, होता. फाटकावरच्या वहीत 'व्यवसाय' या रकान्यात ते रोज एक आडवी रेघ मारायचे आणि आत यायचे.

तीन पडदे त्यांनी नकाशाबरहुकूम कापले. आम्ही ते मुरवून घटात बसवले आणि तिन्ही वेळा कडेने वायू गळला.

"आता एकच उरलाय," प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या. "हाही गेला तर यापुढे बाहेरूनच कापून मागवू."

बाबांचं तोंड एवढंसं झालं. घरी जेवताना त्यांनी माझ्या एकाही शिवणीला नावं ठेवली नाहीत, तेव्हा मात्र मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून ते गळका पडदा मोजत बसले. पट्टी लावली, पुन्हा लावली.

"सूनबाई, हा वाढलाय. म्हणून तर कडेला चुण्या पडल्यात."

"वाढणारच, बाबा. भिजला की फुगतो."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"मला वाटलं, तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल."

"कोण सांगणार? मी आपला प्लॅस्टिक समजून कापत बसलो!" ते कपाळावर हात मारणार, इतक्यात मी तो धरला. हातमोज्याला अल्कली होती, कातडी भाजली असती. "अगं, म्हणजे मी कोरं कापड कापलं! शिकाऊ होतो तेव्हाही हे केलं नव्हतं. कापड भिजून आटतं, हे बेटं वाढतं, एवढाच काय तो फरक. आधी भिजवायचं, मगच कात्री लावायची!"

ओल्या पडद्याचं माप सुक्या पडद्याला लावायला आम्ही चार पदवीधरांनीच तर सांगितलं होतं.

शेवटचा पडदा आधी मुरवला. हवेत फार वेळ राहिला की तो बिघडतो, म्हणून बाबांनी तो ओलाच, भराभर कापला. घटाला जोडलेला चिमुकला पंखा आधी जरा अडखळला, मग गरगरा फिरायला लागला. मी चक्क रडले.

"उद्या वेळेवर या हं," मॅडम बाबांना म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरच्या वहीपाशी बाबा जरा जास्तच रेंगाळले. मी मागून डोकावले. रेघेच्या जागी त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : शिंपी.

मग वळून मला म्हणाले, "आणि तुझ्या त्या एप्रनची उजवी बाही लांब झालीये."