चिकू झेलणारा हात

धाकट्या भावाने चिखले गावातल्या आमच्या अंगणात चिकू तोडणारा रोबो बनवला, तो आईसाठी. वर बघत जाळीची काठी चालवून चालवून तिची मान कायमची धरली होती. ती ज्या चिकूच्या वाडीत कामाला जायची तिचा मालक भावाला म्हणाला, "तुझी ताई हो म्हणाली तर घेतो, देखभालीलाही तुलाच ठेवतो." नाहीतर भावाला बंगळुरूची नोकरी धरावी लागणार होती. मी तलासरीच्या एका कारखान्यात यंत्रं तपासते, माणसाला इजा न करता चालतील की नाही ते बघते. म्हणून घरच्या यंत्राला पास-नापास करायचं माझ्याच गळ्यात पडलं!

काय देखणं काम होतं पण त्याचं! तयार फळ बरोबर ओळखायचा, कच्चं सोडायचा. मी मात्र आतली रचना उकरत बसले. त्याला दोन डोकी होती. एक कॅमेऱ्यातून बघून विचार करणारं, सावकाश. दुसरं बोटं हलवणारं, चपळ. फळ निसटलं की चपळ डोकं पहिल्याला न विचारताच झेप घ्यायचं.

"मध्ये कुणाचा हात आला तर?"

"येईल कशाला, ताई?"

अरे, कशाला म्हणजे! चिकू आपटला की व्यापारी घेत नाही. म्हणून इथली बाई फळ निसटताना दिसलं की हात पुढे करतेच, गप्पा मारता मारतासुद्धा. चाचणी चालू असताना आईनेही केला. लोखंडी बोटं तिच्या बांगड्यांवर वाजली. मी किंचाळत यंत्र बंद करायचं लाल बटण दाबलं, तर मेलं तेही सावकाश डोक्याला विचारून थांबवणारं. आईनेच हात ओढून घेतला म्हणून वाचला.

मी नाही म्हटलं. दुरुस्त करायचं तर सगळी रचना मुळापासून बदलावी लागणार होती आणि मालक थांबायला तयार नव्हता. भावाने रोबोवर ताडपत्री टाकली आणि तो बंगळुरूला गेला. निघताना माझ्याशी बोलला नाही, अजून बोलत नाही. आईला फोन करतो. मी शेजारीच बसलेली असते, त्याचा आवाज ऐकू येतो. माझं काही चुकलं नाही, असं मी स्वतःला शंभरदा सांगते. रडू यायचं ते येतंच.

परवा आईच्या मानेला तेल चोळत होते. म्हटलं, "हात गेला असता गं तुझा."

"दोन बोटं गेली असती," आई म्हणाली. "पोरगा घरात राहिला असता."