अर्जाच्या पाठीवरचं गणित

कोल्हापूरचा एसटी स्टँड, साल दोन हजार. हुपरीच्या बसची वाट बघत मी आणि माझे वडील, म्हणजे आण्णा, बाकड्यावर बसलो होतो. मी एफवाय बीएससीला होते आणि माझं डोकं जाम फिरलं होतं.

पिशवीत एक अर्ज होता... सायन्स सोडून आर्ट्सला जायचा. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख, आणि आण्णांची सही तेवढी राहिली होती. घरी आईनं रडून गोंधळ घातला असता, म्हणून त्यांना स्टँडवरच गाठलं. गुजरीतल्या सराफाकडं पैंजण पोचवून ते त्याच बसनं परतायचे.

"सही कशापायी?" आण्णांनी विचारलं.

मग मी सुटलेच! एक इलेक्ट्रॉन, एक फोटॉन, दोघांची तरंगलांबी एकच, एक अँगस्ट्रॉम. एनर्जीची तुलना करा. तीन दिवस करत होते, दरवेळी दोघांची सारखीच यायची. पुस्तक म्हणतंय, इलेक्ट्रॉनची कायनेटिक एनर्जी खूप कमी! मला हे झेपत नाही, बास... म्हणून भर गर्दीत रडले मी.

आण्णा सातवी शिकलेले. सगळं आयुष्य चांदीकामात, त्यामुळं हातात काहीही द्या, पहिला प्रश्न वजनाचा.

"त्या दोघांत वजन कुणाला हाय?"

"इलेक्ट्रॉनला. फोटॉनला नसतं."

"मग दोघास्नी एकच हिशेब कसा लावतीस गं?"

आईशप्पथ! फोटॉनचं सूत्र मी डोळे झाकून इलेक्ट्रॉनलाही लावत होते! तरंगलांबी सारखी म्हणजे मोमेंटम सारखा, एवढंच. पुढं इलेक्ट्रॉनचं वस्तुमान घ्यायला पाहिजे होतं की.

पिशवीतला हाताला लागेल तो कागद काढला आणि मांडीवरच गणित सोडवलं. फोटॉन बारा हजार चारशे इलेक्ट्रॉन व्होल्ट, इलेक्ट्रॉन जेमतेम दीडशे. आलं की हो उत्तर!

"जड हाय म्हणल्यावर दमानंच जाणार की," आण्णा म्हणाले. तेवढ्यात बस लागली.

बसमध्ये त्यांनी पेन मागितला. "तुला नगंच असंल तर देतो सही. रडू नगंस."

अर्ज काढला आणि बघतच राहिले... गणित मी त्याच्याच पाठीवर केलं होतं, काठोकाठ! मला इतकं हसू आलं की कंडक्टरपण वळून बघायला लागला. "राहू दे आण्णा," म्हटलं.

आज मी फिजिक्स शिकवते. हे गणित आलं की वर्गाला पहिलं विचारते, वजन कुणाला?

तो अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. सहीची जागा कोरीच राहिली, आण्णा... लई उपकार झाले तुमचे.